‘नंबर किती ठेवू?’ : ट्रेलरच्या ब्रेक कंट्रोलरविषयी आमच्या ग्राहकांसाठी

ट्रेलर आमच्या कारखान्यातून गेला की तिसऱ्या-चौथ्या दिवशी फोन येतोच. "भाऊ, तो डॅशबोर्डखालचा डबा बसवलाय ना, त्याचा नंबर किती ठेवू?" पूर्वी आम्ही फोनवरच सांगून मोकळे व्हायचो, साडेपाच ठेवा, सहा ठेवा. ते चुकीचं होतं. साडेपाच हा आकडा आमच्या गाडीला आणि आमच्या अंगणातल्या रिकाम्या ट्रेलरला लागू होता. तुमच्या पिकअपमागे भट्ट्या, सिलिंडर आणि पाण्याची टाकी लादलेला ट्रेलर असेल तर त्याचा काही उपयोग नाही. नंबर रस्त्यावर शोधायचा असतो, आणि वजन बदललं की पुन्हा शोधायचा असतो. कसा, ते या पत्रकात लिहिलं आहे. गाडीच्या कप्प्यात ठेवा, ड्रायव्हर वेगळा असेल तर त्यालाही वाचायला द्या.

डबा करतो काय

तुमच्या ट्रेलरच्या चाकांत ड्रम ब्रेकच आहेत, पण ते ऑइलच्या दाबावर चालत नाहीत, विजेवर चालतात. प्रत्येक ड्रमच्या आत एक मॅग्नेट आहे. करंट मिळाला की तो फिरत्या ड्रमच्या आतल्या सपाट बाजूला चिकटू पाहतो, ड्रमबरोबर जरासा ओढला जातो, आणि त्या ओढीने एक दांडी फिरून शू (ड्रमला आतून घासणारे कमानीसारखे तुकडे) ड्रमवर दाबते. करंट जास्त, तर पकड जास्त. हा करंट कंट्रोलर, म्हणजे डॅशबोर्डखालचा तो डबा, सोडतो. जास्तीत जास्त किती सोडायचा ती मर्यादा तुम्ही ठरवता, त्या बटणाला गेन म्हणतात, आणि त्याचा आकडा म्हणजेच तुमचा ‘नंबर’.

कंट्रोलर दोन जातींचे येतात. स्वस्तातला घड्याळावर चालतो: तुम्ही ब्रेकवर पाय ठेवला, ब्रेकलाइट लागला, की तो ठरलेल्या वेळात करंट चढवत नेतो. पाय हळू ठेवला की जोरात दाबला, त्याला कळत नाही. त्यामुळे इंदूरच्या पलासियाच्या सिग्नलला मुंगीच्या पावलांनी सरकताना तो उगाच झटके देतो. दुसरा गाडीचा वेग किती झपाट्याने कमी होतोय हे आतल्या सेन्सरने ओळखतो आणि त्या प्रमाणात करंट सोडतो. आम्ही शक्यतो हाच बसवतो. महाग आहे, पण शहरातल्या गर्दीत आणि घाटातही पैसे वसूल होतात. फक्त तो घट्ट बसलेला हवा आणि त्याचं तोंड गाडीच्या दिशेने सरळ हवं. दोन-तीन गाड्या अशा आल्या होत्या, ज्यांत ॲक्सेसरीवाल्याने डबा डबल टेपने चिकटवला होता. खड्ड्यात डबा हले, आणि ब्रेक नसताना ब्रेक लागे.

नंबर शोधायचा कसा

आधी ट्रेलर ज्या वजनाने खरोखर न्यायचा आहे तेवढा भरा. रिकाम्यावर जुळवलेला नंबर भरलेल्याला पुरत नाही, भरलेल्यावरचा रिकाम्याला सोसत नाही.

मग कोरडा, सपाट, सरळ रस्ता गाठा. पीथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा चाचणी-ट्रॅक आहे, पण आपल्याला तेवढा थाट नको, दोन-तीनशे मीटर मोकळा रस्ता पुरे. सांवेर रोडच्या कारखान्यांच्या मागच्या गल्ल्या रविवारी सकाळी ओस असतात, तिथे करा. मागून येणारं कोणी नाही याची खात्री करूनच.

निघण्याआधी खडूने ट्रेलरच्या प्रत्येक टायरवर, बाजूच्या भिंतीवर, रिमपासून कडेपर्यंत एक ठळक पांढरी रेघ ओढा. हे आमचं घरचं तंत्र आहे. चाक फिरत असेल तर रेघ दिसत नाही, नुसता फिका गोल दिसतो. चाक जाम झालं की रेघ चटकन जागच्या जागी उभी राहते. बरोबरचा माणूस रस्त्याच्या कडेला, सुरक्षित अंतरावर उभा करा आणि त्याला फक्त रेघ बघायला सांगा.

आता पाच-सहा वेळा हलके ब्रेक मारून ड्रम जरा कोमट करा, कारण थंड ड्रम आणि चालून आलेला ड्रम यांची पकड सारखी नसते. गाडी ताशी ४० वर आणा. पायाचा ब्रेक लावायचा नाही. कंट्रोलरवर हाताने सरकवायची पट्टी असते, ती पूर्ण सरकवा. आता फक्त ट्रेलरचे ब्रेक लागले आहेत आणि ट्रेलर तुमच्या गाडीला मागून धरून ठेवतो आहे. रेघ उभी राहिली, टायर चीं करून घासला, तर गेन एक पायरी खाली. काहीच जाणवलं नाही, गाडी आपली चाललीच आहे, तर गेन वर. असं करत करत चाक जाम होण्याच्या एक पायरी अलीकडे थांबा. तो तुमचा आजचा नंबर. ट्रेलर खूप जड असेल तर गेन पूर्ण वर नेऊनही चाक जाम होणार नाही. त्यात बिघाड काही नाही. जिथे पकड सगळ्यात चांगली पण सुरळीत लागते तिथे ठेवा.

यानंतर पट्टी सोडा आणि पायाच्या ब्रेकने, नेहमीसारखं, ४० वरून थांबून बघा. इथे कान आणि पाठ दोन्ही उघडी ठेवा. थांबताना सीटमागून कोणी धक्का दिल्यासारखं वाटलं, हुकात ‘धड्’ असा आवाज आला, तर ट्रेलर ढकलतोय. गेन थोडा वाढवा. ब्रेकला पाय लागताच कोणी शर्टाची कॉलर मागून ओढल्यासारखं झालं, तर ट्रेलर खेचतोय. कमी करा. दोन्ही नाही, ट्रेलर मागे आहे हे थांबताना विसरायला झालं, म्हणजे जमलं. काही कंट्रोलरवर बूस्ट नावाचं आणखी एक बटण असतं. ते सुरुवातीची पकड वाढवतं. ट्रेलर ओढणाऱ्या गाडीपेक्षा जड असेल तरच त्याला हात लावा. हलक्या ट्रेलरवर बूस्ट म्हणजे झटक्यांना आमंत्रण.

शूवरचे नवे लायनर (झिजणारा थर) पहिले काही दिवस पुरते धरत नाहीत, ड्रमशी घासून बसायला त्यांना वेळ लागतो. म्हणून नव्या ट्रेलरचा नंबर पहिल्या ३०० किलोमीटरनंतर पुन्हा शोधायचा. त्याच वेळी आमच्याकडे आणा, आम्ही शूही जवळ घेऊन देतो. तुमच्या ट्रेलरचे शू आपोआप जवळ येत नाहीत. लायनर झिजेल तशी फट वाढते आणि मग माणूस वेड्यासारखा गेन वाढवत बसतो. घरी करायचंच असेल तर दुसऱ्या बाजूच्या चाकांना ठोकळे लावा, चाक जॅकवर घ्या, मागच्या फटीतून स्टार व्हील (शू जवळ घेणारं छोटं दातेरी चक्र) ट्रेलरचं चाक हाताने फिरेनासं होईपर्यंत घट्ट करा, मग चाक मोकळं फिरेपर्यंत आणि जेमतेम हलकी घासर ऐकू येईपर्यंत मागे घ्या.

एक उदाहरण सांगतो. पोहे-जिलेबीच्या ट्रेलरवाले एक ग्राहक ओंकारेश्वरला निघाले, पाण्याची ५०० लिटरची टाकी काठोकाठ भरून. नंबर तेव्हाच जुळवला, अगदी बरोबर जुळवला. परत येताना टाकी रिकामी, सिलिंडर रिकामे, म्हणजे नुसत्या पाण्याचंच ५०० किलो वजन उतरलं होतं. नंबर तोच. वाटेत एक म्हैस आडवी आली, त्यांनी ब्रेक मारला, ट्रेलरची चाकं जाम होऊन ट्रेलर घसटत गेला. कोणाला लागलं नाही. पण दोन्ही टायर एका जागी ताटलीएवढे चपटे झाले आणि इंदूरपर्यंत ट्रेलर धप-धप-धप करत आला. दोन टायरांचा खर्च, तोही एका बटणापायी. आता त्यांच्या सनवायझरवर चिकटपट्टी आहे: ‘भरलेला’ आणि खाली आकडा, ‘रिकामा’ आणि खाली आकडा. तुम्हीही लावा.

घाट आणि पावसाळा

इंदूरहून खंडवा रोडने निघालं की सिमरोल, भेरूघाट, मग बडवाह. म्हणजे माळव्याच्या पठारावरून थेट निमाडात उतार. धामनोदकडे गेलात तर गणपती घाट, जिथे ब्रेक फेल झालेल्या ट्रकांच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत. उताराला लागण्याआधीच खालचा गिअर टाका, उतार सुरू झाल्यावर नाही. ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. दाबा, वेग उतरवा, पूर्ण सोडा, ड्रमला वारा लागू द्या. सतत लागलेल्या ब्रेकने ड्रम तापून फुगतो, शूपासून लांब जातो, आणि तोच नंबर असूनही पकड निम्म्यावर येते. लायनर जळल्याचा वास आला तर सावलीत थांबा. तापलेल्या ड्रमवर बाटलीतलं पाणी मात्र ओतू नका. तडा जातो, आणि तो तडा तेव्हा दिसत नाही.

पावसात किंवा मातीच्या रस्त्यावर गेन एक-दोन पायऱ्या खाली आणा, कारण ओल्या रस्त्यावर चाक लवकर जाम होतं.

ट्रेलर शेपूट हलवायला लागला, बाजूने ट्रक गेला आणि मागचं सगळं डुलायला लागलं, तर पाय ॲक्सिलरेटरवरून काढा, स्टिअरिंग सरळ धरा आणि हाताची पट्टी सरकवा. फक्त ट्रेलरचे ब्रेक लागले की तो मागून ताणला जाऊन सरळ होतो. पायाचा ब्रेक घाबरून दाबू नका, वेगही वाढवू नका. आणि हे वारंवार होत असेल तर दोष गेनचा नाही, सामान लावण्याचा आहे. ट्रेलरच्या एकूण वजनाचा १० ते १५ टक्के भार हुकावर यायला हवा. हजार किलोचा ट्रेलर असेल तर १०० ते १५० किलो. जड सामान चाकांच्या मागे गेलं की ट्रेलर डुलणारच.

बिघाड कुठे असतो

दहातले बहुतेक फोन डब्याच्या तक्रारीचे असतात, आणि डब्यात बहुधा काहीच झालेलं नसतं. अर्थिंग बघा. ही चूक आम्हीही केली आहे: सुरुवातीच्या एका ट्रेलरला आम्ही अर्थिंगची वेगळी वायर दिली नाही, हुकाच्या लोखंडावर भिस्त ठेवली. हुकाच्या गोळ्यावर ग्रीस असतं, खड्ड्यात तो उडतो, त्यातून करंट जातो-येतो करतो, आणि ब्रेकही तसेच. तो ट्रेलर आम्ही परत मागवून पदरचे पैसे घालून वायर टाकली. सॉकेटपासून ट्रेलरच्या चासीपर्यंत जाड वायर आणि साफ घासलेली जोडणी, बस्स.

क्लॅम्प मीटर (वायरीला चिमट्यासारखा लावून करंट मोजणारा) असेल तर ब्रेकच्या वायरवर लावा, इंजिन चालू ठेवा, गेन पूर्ण वर, पट्टी पूर्ण सरकवलेली. १० किंवा १२ इंची ड्रमचा एक मॅग्नेट १२ व्होल्टवर साधारण ३ अँपिअर घेतो. दोन चाकांना ६, चार चाकांना १२. सहाच्या जागी तीन दिसले तर एका चाकाची वायर तुटली आहे. बरेच जास्त दिसले तर कुठेतरी वायर सोलून चासीला लागते आहे.

ट्रेलर सुटला तर आपोआप ब्रेक लावणारी जी पिन आणि तार आहे, ती गाडीच्या चासीला अडकवा. हुकाच्या गोळ्याला किंवा साखळीला नाही, कारण गोळाच निसटला तर तारही त्याच्याबरोबर जाईल. महिन्यातून एकदा सात पिनचा प्लग काढून ठेवा, पिन ओढा, गाडीने ट्रेलर हळूच ओढून बघा. चाकं फिरली तर ट्रेलरवरची छोटी बॅटरी उतरली आहे. तपासून झाल्यावर पिन लगेच परत बसवा. रात्रभर हँडब्रेक म्हणून ती ओढून ठेवलीत तर सकाळी बॅटरी संपलेली मिळेल.

हनुवंतियाला, इंदिरा सागर जलाशयावर, बोट घेऊन जाणाऱ्यांसाठी: ट्रेलर पाण्यात उतरवण्याआधी प्लग काढा, आणि बाहेर आल्यावर सावकाश चालवत काही वेळा हलके ब्रेक मारून ड्रम सुकवा. ओला ड्रम पहिल्यांदा अजिबात धरत नाही.

सर्व्हिसला येताना ट्रेलर रिकामा आणू नका. रोज जेवढा भरता तेवढाच भरून आणा, आणि जो माणूस रोज चालवतो त्यालाच पाठवा. नंबर आम्ही त्याच्या शेजारी बसून, त्याच्याच हाताने जुळवतो.