धष्टपुष्ट कोकरूच आधी का दगावते?

शिरोळ-हातकणंगले भागात ज्वारी-मक्याची काढणी झालेल्या रानात मेंढ्यांचा तळ पडला, की एक तक्रार हमखास कानी येते. काल सायंकाळपर्यंत उड्या मारणारे, कळपातले सर्वांत गुबगुबीत कोकरू पहाटे मान मागे टाकून मरून पडलेले असते, आणि शेजारचे हडकुळे कोकरू मात्र ठणठणीत असते. चांगल्यालाच नजर लागते, असा समज यातूनच घट्ट झाला आहे. पट्टणकोडोलीच्या बिरोबावरील श्रद्धा हा मेंढपाळाच्या आयुष्याचा आधार आहे आणि तिच्याविषयी मला आदर आहे. परंतु करणी उतरवून देतो असे सांगून त्याच मेंढपाळाकडून पैसे उकळणाऱ्यांविषयी तसा आदर बाळगता येत नाही, कारण या मृत्यूचे कारण कोकराच्या आतड्यातच असते.

या रोगाला आंत्रविषार म्हणतात. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स या जिवाणूचा डी प्रकार निरोगी मेंढीच्या आतड्यातही थोड्या प्रमाणात राहतो आणि एरवी काही बिघडवत नाही. मात्र भुकेल्या कोकराने रानात सांडलेले धान्य भरपूर खाल्ले, तर त्यातील सगळा स्टार्च पहिल्या पोटात, म्हणजे रुमेनमध्ये, पचत नाही. उरलेला पुढे लहान आतड्यात उतरतो आणि तेथे या जिवाणूंना मेजवानी मिळून त्यांची संख्या काही तासांत प्रचंड वाढते. जोमाने खाणारे कोकरूच आधी का मरते, याचे उत्तर येथे आहे.

यापुढचा भाग मला सर्वांत विलक्षण वाटतो. जिवाणू जे एप्सिलॉन विष सोडतात, ते सुरुवातीला जवळजवळ निरुपद्रवी असते. हे विष म्हणजे एक प्रथिन असून त्याच्या शेपटाकडील एक लहान तुकडा त्याला आवर घालून ठेवतो. कोकराचे स्वतःचे ट्रिप्सिन, अन्नातील प्रथिने पचवण्यासाठी स्वादुपिंडातून आलेले पाचक द्रव्य, नेमका तो तुकडा कापून टाकते आणि विष अनेक पटींनी तीव्र होते. मग सात-सात रेणू एकत्र येऊन पेशीच्या आवरणात आरपार छिद्र पाडतात. आतड्याची भिंत पाझरू लागते, विष रक्तात शिरते, मेंदूच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या गळू लागतात, मेंदूला सूज येते आणि झटके येऊन कोकरू मरते. मूत्रपिंडेही मृत्यूनंतर लवकर मऊ, लगद्यासारखी होतात, म्हणून शवविच्छेदनाला महत्त्व आहे.

याच जिवाणूच्या बी आणि सी प्रकारांचे बीटा विष ट्रिप्सिनने नष्ट होते. चिकात, म्हणजे विल्यानंतरच्या पहिल्या दुधात, ट्रिप्सिनला रोखणारे घटक असतात. ते चिकातील प्रतिपिंडांना, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या प्रथिनांना, पचण्यापासून वाचवतात, पण त्याच आडोशाने बीटा विषही वाचते. म्हणून त्या विषाचा फटका मुख्यतः नवजात पिल्लांना बसतो, तर एप्सिलॉनचा थोड्या मोठ्या, भरपूर खाणाऱ्या कोकरांना.

लक्षणे दिसल्यावर उपचाराला वेळच उरत नाही, त्यामुळे लस हाच भरवशाचा उपाय ठरतो. लसीत विष निष्प्रभ करून वापरलेले असते. गाभण मेंढीला विण्यापूर्वी काही आठवडे लस दिली, तर तिची प्रतिपिंडे चिकातून कोकराला मिळतात. मेंढीच्या वारेतून ती गर्भापर्यंत पोचत नाहीत आणि साधारण एका दिवसानंतर कोकराचे आतडेही ती शोषू शकत नाही, म्हणून जन्मल्यावर पहिल्या काही तासांतच चीक पाजला पाहिजे. धान्य किंवा कोवळा चारा देताना प्रमाण आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवावे. जंतनाशक आणि पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या विषाणुजन्य रोगाची लस यांचे वेळापत्रकही सोबत पाळावे.

फिरत्या कळपाची खरी अडचण दुसऱ्या मात्रेची असते. पहिल्या वेळी लस दिलेल्या जनावराला दोन-तीन आठवड्यांनी ती पुन्हा द्यावी लागते आणि तोवर तळ पुढच्या तालुक्यात गेलेला असतो. पावसाळ्यापूर्वी, मार्ग ठरवतानाच दुसऱ्या मात्रेचे गाव आणि तेथील पशुवैद्यकीय दवाखाना निश्चित केला, तर ती चुकत नाही.