गाडीच्या बॅटरीचा स्फोट

मोटारगाडीच्या शिसे-आम्ल बॅटरीत किंवा तिच्या भोवती साचलेल्या हायड्रोजन वायूला ठिणगी लागली, की बॅटरीचे कवच फुटते आणि आतले आम्ल चहूकडे उडते. यालाच बॅटरीचा स्फोट म्हणतात. त्यात गाडी पेटतेच असे नाही. इजा होते ती कवचाच्या तुकड्यांनी आणि आम्लाने, आणि बॅटरीवर वाकलेल्या माणसाचे डोळे त्यात सर्वांत आधी सापडतात. ‘बारा व्होल्टनं काय होतंय’ हे वाक्य गॅरेजात नेहमी कानावर पडते. शॉक लागण्यापुरते ते खरे आहे, कोरड्या हाताला १२ व्होल्ट जाणवतही नाहीत. पण म्हणूनच लोक बॅटरीशी निर्धास्तपणे वागतात आणि वायूचा विचार कुणाच्या मनात येत नाही.

ही बॅटरी १८५९ साली फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते यांनी शोधली आणि तिचे मूळ रसायन आजही तेच आहे. गाडीच्या बॅटरीत सहा घट असतात, प्रत्येकाचा विद्युतदाब सुमारे २.१ व्होल्ट. त्यामुळे पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. चार्जिंग संपत आले, की प्लेटांवर बदलण्यासारखे फारसे उरत नाही आणि येणारी वीज आम्लातले पाणी फोडू लागते. ऋण प्लेटांवर हायड्रोजन सुटतो, धन प्लेटांवर ऑक्सिजन. म्हणजे जळणारा वायू आणि त्याला जाळणारा वायू एकाच डब्यात, दोनास एक या नेमक्या प्रमाणात तयार होतात. एक अँपिअर-तास (तासभर एक अँपिअर) वीज जादा गेली, तरी सहा घटांतून मिळून सुमारे अडीच लिटर हायड्रोजन बाहेर पडतो.

हवेत ४ ते ७५ टक्के हायड्रोजन असला, तर मिश्रण पेट घेऊ शकते. इतका रुंद पल्ला फार थोड्या वायूंचा आहे. पेटायला लागणारी ऊर्जाही नगण्य, मिलिज्यूलचा पन्नासावा भाग. सिंथेटिक शर्ट काढताना अंगाला जो चटका बसतो, त्यात याहून कितीतरी जास्त ऊर्जा असते. म्हणून बॅटरी कोरड्या फडक्याने न पुसता ओल्या फडक्याने पुसावी. हायड्रोजनला रंग नाही, वासही नाही. बॅटरीजवळ सडक्या अंड्यांसारखा वास आला, तर तो हायड्रोजन सल्फाइडचा असतो आणि बॅटरी फार जास्त चार्ज होत असल्याची ती खूण असते.

पाणी कमी झालेली बॅटरी जास्त धोकादायक असते, हे अनेकांना उलटे वाटते. पाण्याची पातळी खाली गेली, की वर वायूसाठी मोकळी जागा वाढते. प्लेटा उघड्या पडतात, आतला एखादा जोड सैल झालेला असला तर सेल्फ मारताक्षणी तिथेच ठिणगी पडते. सेल्फ मारताना शंभराहून जास्त अँपिअर प्रवाह वाहतो, त्यामुळे बॉनेट बंद असतानाही बॅटरी फुटू शकते. विदर्भातल्या उन्हाळ्यात पाणी झपाट्याने आटते, तेव्हा उघडता येणारी बुचे असलेल्या बॅटऱ्या वरचेवर पाहायला हव्यात. भर घालायची ती फक्त डिस्टिल्ड वॉटरची. आटते ते पाणी, आम्ल आतच राहते, त्यामुळे वरून आम्ल ओतणे चूकच. अंधारात पातळी पाहायला काडी किंवा लायटर कधीही पेटवू नये. बॅटरीत दम आहे का, हे पाहण्यासाठी वायरीची दोन टोके टेकवून ठिणगी पाडण्याची रीत तर पूर्णपणे सोडून दिली पाहिजे. व्होल्ट मोजणारा एक साधा मल्टिमीटर तेच काम करतो.

सर्वांत नाजूक वेळ म्हणजे उतरलेली बॅटरी दुसऱ्या गाडीवरून जंपर केबलने चालू करण्याची. शेवटची चिमटी लावताना ठिणगी जवळजवळ हमखास पडते. ती टाळता येत नाही, पण कुठे पडावी हे आपल्या हातात असते. म्हणून दोन्ही गाड्या बंद करून लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या धन टर्मिनलला, मग चांगल्या बॅटरीच्या धनाला लावतात. काळी केबल चांगल्या बॅटरीच्या ऋणाला लावतात. तिचे दुसरे टोक मात्र उतरलेल्या बॅटरीला लावायचे नाही, तर त्या गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. काढताना क्रम बरोबर उलटा. ट्रकवरून कार चालू करण्याची मदत रस्त्यात सहज मिळते, पण बहुतेक मोठ्या ट्रकची यंत्रणा २४ व्होल्टची असते. ती १२ व्होल्टच्या बॅटरीला जोडणे म्हणजे अपघाताला बोलावणे.

बॅटरी काढताना काळे टर्मिनल आधी सोडावे आणि बसवताना शेवटी जोडावे. गाडीची बॉडी ऋण टोकाला जोडलेली असते. काळे जोडलेले असताना लाल टर्मिनलवरचा पाना बॉडीला टेकला, तर थेट शॉर्ट होतो. अंगठी किंवा कडे मध्ये आले, तर ते क्षणात तापून बोट भाजते, म्हणून ते आधी काढून ठेवावे. चार्जर लावला असेल, तर आधी भिंतीवरचे बटण बंद करावे, मग चिमट्या काढाव्यात. चार्जिंग आवरणारा रेग्युलेटर बिघडून बॅटरी ‘उकळत’ असेल, तापून फुगली असेल, तर इंजिन किंवा चार्जर बंद करून दूर व्हावे आणि ती निवेपर्यंत टर्मिनलला हात लावू नये. सीलबंद बॅटरीलाही हेच लागू. तिच्यात बहुतेक वायूंचे पुन्हा पाणी होते, तरी दाब वाढला की वायू तिच्या झडपेतूनही बाहेर येतो.

घरातल्या इन्व्हर्टरची बॅटरी याच जातीची. हायड्रोजन हवेहून सुमारे चौदा पट हलका असल्याने तो वर जाऊन छताखाली साचतो. म्हणून ती बंद कपाटात, जिन्याखालच्या कोंदट खणात, देवघराच्या समईजवळ किंवा शेगडीशेजारी ठेवू नये.

काम करताना डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा. माझ्या मते मेस्त्रीच्या हत्यारपेटीत पान्याआधी तो यायला हवा. आम्ल डोळ्यात गेलेच, तर न चोळता, पापण्या उघड्या धरून निदान वीस मिनिटे स्वच्छ पाण्याची संथ धार सोडावी आणि लगेच नेत्रतज्ज्ञाकडे जावे. डोळ्यात सोडा किंवा दुसरे काहीही घालू नये. जमिनीवर किंवा गाडीवर सांडलेल्या आम्लावर मात्र खाण्याचा सोडा टाकावा आणि फसफसणे थांबले की भरपूर पाण्याने धुवावे. सुती कपड्यावर उडालेला थेंब त्या दिवशी दिसत नाही, पुढच्या धुण्यात तिथे भोक पडलेले असते. म्हणून कपडे लगेच बदलावेत. फुटलेली बॅटरी भंगारात न देता विक्रेत्याकडे परत द्यावी. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्या पुनर्वापराची व्यवस्था करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.