यमाताराजभानसलगा आणि डीजेची रेकॉर्ड

आमच्याकडं सांगली-मिरजेत डीजे म्हटलं की माणूस डोळ्यापुढं येतच नाही, येते ती ट्रॉलीवर रचलेली बेसची भिंत आणि तिच्यामागं धडधडणारा जनरेटर. त्यामुळं मध्यंतरी विश्रामबागच्या एका हळदीची रील फिरत होती, त्यात एक पोरगा चक्क दोन टर्नटेबल लावून हातानं रेकॉर्डी मागंपुढं करत होता, ती बघून पब्लिक गडबडलं. रीलवर लिहिलेलं 'ओरिजिनल व्हिनाइल साउंड, तो उबदारपणा वेगळाच'. खाली कमेंटमध्ये दोन पार्ट्या. एक म्हणते नाद खुळा, रेकॉर्डचा आवाज तो रेकॉर्डचाच. दुसरी म्हणते कसली रेकॉर्ड, बाजूला लॅपटॉप दिसतोय की, गाणं त्यातनं वाजतंय आणि हा नुसता हात फिरवून शायनिंग मारतोय.

दोन्ही पार्ट्या चुकल्यात, आणि कुठं चुकल्यात ते सांगायचा मोह मला आवरत नाही.

या प्रकाराला डिजिटल व्हिनाइल सिस्टीम म्हणतात, डीजे मंडळी नुसतं डीव्हीएस म्हणतात. गाणं लॅपटॉपमध्येच असतं, साधी एमपीथ्री. म्हणजे व्हिनाइलचा उबदारपणा वगैरे काही नाही, जी फाइल आहे तोच आवाज. पण पोरगा शायनिंगही मारत नसतो, कारण त्यानं रेकॉर्ड थांबवली की गाणं थांबतं, उलटी फिरवली की गाणं उलटं वाजतं, सुई उचलून दोन बोटं आत ठेवली की गाणं तेवढं पुढं जातं. रेकॉर्डवर गाण्याचा एक सूरही नाही तरी हे जमतं कसं, हा खरा प्रश्न.

ती रेकॉर्ड साध्या प्लेअरवर लावून बघितली तर दूरदर्शनवर प्रोग्रॅम संपल्यावर यायची तसली एक सलग शिट्टी ऐकू येते, बाकी काही नाही. सेराटो कंपनीच्या रेकॉर्डवर ही शिट्टी १००० हर्ट्झची असते, म्हणजे सेकंदाला हजार लाटा. ट्रॅक्टर नावाचं दुसरं सॉफ्टवेअर आहे (ट्रॉली ओढणारा नव्हे), त्याच्या जुन्या रेकॉर्डवर २००० ची आणि नंतरच्या एमके-२ वर २५०० ची. या शिट्टीला टाइमकोड म्हणतात. सुई शिट्टी वाचते, साउंड कार्ड ती लॅपटॉपला देतं, आणि रेकॉर्डचं या क्षणी काय चाललंय ते सॉफ्टवेअर त्यावरून ओळखून गाणं तसंच हलवतं.

त्याला तीन गोष्टी कळाव्या लागतात: वेग, दिशा आणि जागा.

वेग एकदम सोपा. रेकॉर्ड मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद, त्यात १८०० लाटा. टर्नटेबलवरचा वेगाचा स्लायडर (पिच) ५ टक्क्यांनी वाढवला की १००० चे १०५० हर्ट्झ होतात, सॉफ्टवेअर लाटा मोजतं आणि गाणंही ५ टक्के पळवतं. मिनिटाला ४५ फेऱ्यांवर टाकली की १३५०. झालं.

दिशेला थोडी गोम आहे. सरळ फिरवा नाहीतर उलट, शिट्टी ती शिट्टीच, लाट दोन्हीकडून सारखीच दिसते. म्हणून इथं स्टिरिओ कामाला येतो. रेकॉर्डच्या खाचेला दोन भिंती असतात, एकीवर डावा चॅनल, दुसरीवर उजवा. दोन्हींवर तीच शिट्टी असते पण एक दुसऱ्यापेक्षा पाव लाट मागं. अकरावीच्या त्रिकोणमितीत साइन आणि कोसाइन होते ना, तेच. दोन्हींतला कुठला पुढं आहे त्यावरून समजायचं सरळ चाललीय की उलटी. आता हे दोन सिग्नल एक आडवा आणि एक उभा असे ग्राफवर काढले तर काय होतं? वर्तुळ. प्रत्येक लाटेला ठिपका एक चक्कर मारतो आणि तो चकरेत नेमका कुठल्या कोनावर आहे त्यावरून एका लाटेच्या आतलीसुद्धा जागा कळते. बाहेरच्या कडेला एक लाट साधारण अर्धा मिलिमीटर लांब असते, त्याच्याही भागातली हालचाल सॉफ्टवेअर पकडतं. स्क्रॅच करताना, म्हणजे रेकॉर्ड हातानं झटक्यात मागंपुढं करताना, बोट जरासं हललं तरी आवाज हलतो तो यामुळं.

आता जागा, आणि माझ्या मते सगळी मजा इथंच आहे, बाकीचं विसरलात तरी चालेल.

एका बाजूला दहा-बारा मिनिटांची शिट्टी, म्हणजे सात लाखांच्या आसपास लाटा. तुम्ही सुई कुठंतरी मधेच टाकली. ही कितवी लाट? प्रत्येक लाटेवर नंबर लिहायला जागा नाही, एका लाटेत फार तर एक खूण मावते: लाट जरा उंच किंवा जरा बुटकी. उंच म्हणजे १, बुटकी म्हणजे ०. मग एकेका खुणेतून सात लाखांतली जागा कशी सांगायची?

शाळेत वृत्तं शिकताना घोकलेलं आठवा. यमाताराजभानसलगा. ल म्हणजे लघु, ग म्हणजे गुरू, आणि तीन-तीन अक्षरांचे आठ गण. हे दहा अक्षरांचं सूत्र कुठूनही पकडून सलग तीन अक्षरं घ्या. यमाता म्हणजे लघु-गुरू-गुरू, झाला य गण. एक अक्षर सरका, मातारा, तिन्ही गुरू, म गण. ताराज, गुरू-गुरू-लघु, त गण. असं करत सलगापर्यंत या, आठही गण एकेकदाच येतात, एकही परत येत नाही. म्हणजे कुणी तुम्हाला सूत्रातली नुसती तीन अक्षरांची खिडकी दाखवली, समजा गुरू-लघु-गुरू, तर तुम्ही लगेच सांगू शकता की हे चौथ्या अक्षरापासून, राजभा. नंबर कुठंच लिहिलेला नाही, तरी शेजाऱ्यांवरून जागा कळते.

डीव्हीएसच्या रेकॉर्डवर हेच आहे, फक्त खिडकी तीनची नसून वीसची. सलग कुठल्याही २० लाटांची उंच-बुटक्यांची रांग आख्ख्या बाजूवर दुसऱ्या ठिकाणी येत नाही. १००० हर्ट्झला २० लाटा म्हणजे २० मिलिसेकंद, खात्री करायला अजून थोड्या धरा, पापणी लवायच्या आत सुई कुठं पडली ते लॅपटॉपला कळलेलं असतं.

(म्हणून लगेच 'आपल्या पूर्वजांना डीजेचं सॉफ्टवेअर ठाऊक होतं' असा फॉरवर्ड काढू नका. गण पाठ राहावेत म्हणून कुणीतरी अतिशय हुशारीनं सूत्र जुळवलं, ते तेवढ्यापुरतंच कौतुक करण्यासारखं आहे, त्याला टर्नटेबल चिकटवायची गरज नाही.)

बरं, तीनच्या खिडकीचं सूत्र माणूस बसून जुळवेल, वीसच्या खिडकीचं कोण जुळवणार? त्याला एक साधा नियम लागतो. कागद घ्या आणि तीन गुरूंनी सुरुवात करा, १११. नियम असा: शेवटच्या तिघांतला पहिला आणि तिसरा सारखे असले तर पुढं ० लिहायचा, वेगळे असले तर १. १११ ला दोन्ही सारखे, म्हणून ०. आता शेवटचे तीन ११०, वेगळे, म्हणून १. मग १०१, सारखे, ०. असं चालू ठेवलं की १११०१०० मिळतं आणि परत १११ येतं. सात खिडक्या, सातही वेगळ्या. आठ का नाहीत, सात का? कारण न गण, तिन्ही लघु, इथं चालत नाही. ००० झालं की पहिला-तिसरा सारखेच, पुढं ०, परत ०, गाडी तिथंच रुतते. २० घरांना (खिडकीतल्या एकेका खुणेची जागा म्हणजे घर) असाच नियम लावायचा, फक्त कुठली घरं तपासायची ती नीट निवडायची, मग परत पहिल्यावर यायच्या आधी १०,४८,५७५ वेगवेगळ्या खिडक्या मिळतात, म्हणजे २ चा २० वा घात वजा तोच एक सगळा-शून्यवाला. आपल्याला सात लाख हव्यात, भरपूर झालं. नियम उलट्या बाजूनंही चालवता येतो म्हणून रेकॉर्ड मागं फिरवली तरी हिशोब तुटत नाही. एक्सवॅक्स नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्याचा कोड कुणालाही बघता येतो, त्यात सेराटोसाठी २० घरं आणि ट्रॅक्टरच्या जुन्या रेकॉर्डसाठी २३ घरं अशी सरळ लिहिलेली आहेत. मोबाइलमधलं जीपीएस याच जातीच्या रांगा वापरतं, तिथं १०-१० घरांच्या दोन रांगा मिळवून १०२३ ची एक रांग. डोक्यावरनं गेलं असेल तर जाऊ द्या, कागदावर एकदा करून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

आता ज्यांना सुरुवात करायचीय त्यांच्यासाठी.

टर्नटेबल एकच असलं तरी शिकता येतं, पण ते डायरेक्ट ड्राइव्ह पाहिजे. हातानं रेकॉर्ड धरली तरी खाली तबकडी फिरत राहिली पाहिजे आणि सोडली की रेकॉर्डनं झटक्यात वेग पकडला पाहिजे, रबरी पट्ट्यावर चालणाऱ्या मशिनला ते झेपत नाही. १९७२ साली आलेलं टेक्निक्सचं एसएल-१२०० डीजेंनी डोक्यावर घेतलं ते याच ताकदीपायी. आजोबांचा सुटकेसवाला प्लेअर काढू नका, त्याची जड सुई टाइमकोड खरवडून काढेल, आणि तो मोनो असेल तर पाव लाटेचा सगळा खेळच संपला.

मग टाइमकोडची रेकॉर्ड, खाली घालायला स्लिपमॅट (रेकॉर्ड सहज सरकावी म्हणून गुळगुळीत चकती), आणि फोनो इनपुट (सुईचा बारीक सिग्नल घेणारी जागा) असलेलं साउंड कार्ड किंवा मिक्सर. एका टर्नटेबलला दोन चॅनल आत लागतात, दोन टर्नटेबलना चार. सेराटो-ट्रॅक्टरला साधारण त्यांनी मान्य केलेलं हार्डवेअर लागतं, मिक्स नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि कुठल्याही बऱ्या कार्डावर चालतं. फक्त तुमची रेकॉर्ड कुठल्या जातीची ते सेटिंगमध्ये बरोबर निवडा, नाहीतर वर्तुळ छान दिसतं आणि जागा काही केल्या सापडत नाही.

सगळ्यात जास्त लोक रडतात ते फोनो आणि लाइन यावर. सुईतून येणारा सिग्नल काही मिलिव्होल्टचा असतो, तो फोनो इनपुटलाच द्यायचा, तिथं तो शंभरेक पट वाढतो. शिवाय रेकॉर्ड कापताना बेस दाबलेला असतो म्हणून फोनो सर्किट वाजवताना तो परत उचलतं, ५० हर्ट्झला १००० च्या तुलनेत सातेक पट. आता आपल्या घरातली लाइट कितीची? ५० हर्ट्झ. म्हणजे अर्थिंग ढिलं असलं तर तोच गुंईऽऽ आवाज सर्किट हौसेनं मोठा करून देतं. टर्नटेबलमागनं एक बारीक मोकळी वायर लोंबत असते, पुष्कळ जण ती जास्तीची समजून टेपनं गुंडाळून ठेवतात. ती मिक्सरच्या जीएनडी लिहिलेल्या स्क्रूला आवळायची. मिरजेच्या जुन्या वाड्यात राहत असाल तर आधी इलेक्ट्रिशियन बोलवून भिंतीतलं अर्थिंग खरंच आहे का ते तपासून घ्या, तीन पिनांचं सॉकेट आहे म्हणजे मागं वायर आहेच असं नसतं. बेसचंही तसंच, स्पीकर आणि टर्नटेबल एका टेबलावर ठेवलं की प्रत्येक ठोक्याला सुई हलते. खाली फोम, त्यावर शहाबादी फरशीचा तुकडा, त्यावर टर्नटेबल, बरंचसं काम होतं.

लॅपटॉपमधली दिरंगाई लोक फार मनावर घेतात. लॅपटॉप आवाज तुकड्यातुकड्यांनी हाताळतो, त्या तुकड्याला बफर म्हणतात; सेकंदाला ४४,१०० नमुने धरले तर २५६ नमुन्यांचा बफर म्हणजे जेमतेम ६ मिलिसेकंद. आवाज हवेतून साडेतीन मीटर यायला १० मिलिसेकंद घेतो, म्हणजे स्पीकर खोलीच्या त्या टोकाला असेल तर बफरपेक्षा तोच उशीर जास्त. रात्री दहानंतर तसंही हेडफोनवरच करायचंय.

सुरुवातीला मोड ॲब्सोल्यूट ठेवा, म्हणजे सुई जिथं गाणं तिथं. रिलेटिव्हमध्ये सॉफ्टवेअर फक्त वेग आणि दिशा बघतं, सुई उडाली तरी गाणं उडत नाही, हळदीच्या स्टेजवर पोरं नाचताना हे बरं पडतं. पण रेकॉर्डवर ठोक्याच्या जागी स्टिकर लावला असेल तर सुई एकदा उडाली की स्टिकर आणि ठोका यांची फारकत झाली.

आणि स्क्रॅच करताना एक जागा कायम दगा देते, हात जिथं उलटतो ती. सुईच्या आत चुंबक आणि कॉइल आहे, फॅराडेचा नियम, हालचाल असेल तरच व्होल्टेज. वेग कमी झाला की लाटा कमी होतात आणि त्यांची उंचीही घटते, आणि वळणाच्या क्षणी वेग शून्य म्हणजे सिग्नलही शून्य. तेवढ्यापुरतं सॉफ्टवेअर अंदाजानं चालतं. सुईला धुळीची गोळी लागली असेल तर हा अंदाज हमखास चुकतो, म्हणून मऊ ब्रशनं मागून पुढं एक हात मारत जा.

सॉफ्टवेअरमध्ये ते वर्तुळ बघायची खिडकी असते, पहिल्या दिवशी गाणं लावायच्या आधी तीच उघडा. गोल, बारीक रेघेचं कडं दिसलं की समजा जमलं. कड्याला केस फुटल्यासारखे दिसले तर सुईला धूळ आहे, नाहीतर अर्थिंग. कडं ठिपक्याएवढं असेल तर बटण लाइनवर आहे, फोनोवर घ्या. कड्याऐवजी नुसती आडवी किंवा उभी रेघ आली तर एक चॅनल येतच नाही, कार्ट्रिजच्या (सुई बसवलेल्या डबीच्या) मागच्या चार बारीक वायरी बघा. आणि कडं झकास आहे, रेकॉर्ड सरळ फिरतीय, तरी गाणं उलटं वाजतंय असं झालं तर सॉफ्टवेअरला शिव्या देऊ नका, मिक्सरमागच्या लाल-पांढऱ्या पिना अदलाबदल झाल्यात.