एलायझा की एलिस्पॉट? कॅन्डिडाविरुद्धच्या टी-पेशी मोजताना

कॅन्डिडा अल्बिकन्स ही बुरशी अनेक निरोगी माणसांच्या तोंडात आणि आतड्यांत बिनत्रास राहते. तिला ओळखणाऱ्या स्मृती-टी-पेशी (आधी भेटलेल्या जंतूची आठवण ठेवणाऱ्या पांढऱ्या पेशी) जवळपास प्रत्येक प्रौढाच्या रक्तात सापडतात. त्यामुळे ‘प्रतिसाद आहे का?’ हा प्रश्न इथे फारसा कामाचा नाही. किती पेशींचा आणि कोणता, हे विचारायला हवं. एलायझा आणि एलिस्पॉट या प्रयोगशाळेतल्या दोन चाचण्यांची गल्लत नेमकी इथेच महागात पडते.

गल्लत होणं साहजिक आहे. एलायझा 1971 मध्ये स्टॉकहोमला एंग्वाल आणि पर्लमन यांनी मांडली, आणि तिच्याच तत्त्वावर 1983 मध्ये एलिस्पॉट आली. दोन्हींत 96 खाचांची प्लेट, तळाला चिकटवलेली अँटिबॉडी (ठरावीक रेणू पकडणारं प्रथिन), शेवटी रंग. रक्तातल्या पांढऱ्या पेशींना मृत कॅन्डिडाचा अर्क देऊन 37 अंशांवर ठेवायचं, ही तयारीही तीच. बुरशी ओळखणाऱ्या पेशी मग गॅमा इंटरफेरॉन, आयएल-17 अशी सायटोकाइन्स, म्हणजे पेशींची निरोप पोचवणारी प्रथिनं, सोडतात.

एलायझात पेशींवरचं पाणी काढून त्यात सायटोकाइन किती आहे ते मोजतात. डेअरीत किती लिटर दूध जमा झालं ते कळतं, किती म्हशींनी दिलं ते कळत नाही. शिवाय काही सायटोकाइन शेजारच्या पेशी शोषून घेतात, म्हणजे हाती येतो तो उरलेला भाग.

एलिस्पॉटमध्ये पेशी थेट अँटिबॉडी लावलेल्या पडद्यावरच बसवतात. सोडलेलं सायटोकाइन जागच्या जागी पकडलं जातं. पेशी धुऊन टाकल्या आणि न विरघळणारा रंग चढवला, की जिथे पेशी होती तिथे निळा-जांभळा ठिपका उमटतो. एक ठिपका म्हणजे साधारण एक पेशी. मात्र इन्क्युबेटरमधली प्लेट हलवायची नाही; पेशी सरकल्या तर ठिपके फिसकटतात आणि मोजणी बिघडते. बुरशी न घातलेल्या खाचेतले ठिपके वजा करून आकडा दर 10 लाख पेशींमागे लिहितात. पीएचए (टी-पेशींना सरसकट चेतवणारं द्रव्य) घातलेली खाचसुद्धा कोरी राहिली, तर कॅन्डिडाचं शून्य मी मानणार नाही: पेशी मेलेल्या असू शकतात.

क्षयरोगाच्या तपासणीतही हीच जोडी आहे. क्वांटिफेरॉन ही रक्तचाचणी सहसा एलायझावर वाचतात, टी-स्पॉट ही एलिस्पॉट. स्मृती-पेशी विरळ असतात, म्हणून कॅन्डिडासाठी माझी पसंती एलिस्पॉटला.

पण ठिपका कोणत्या पेशीचा, हे तीही सांगत नाही. गॅमा इंटरफेरॉन एनके पेशीही (टी-पेशींहून वेगळ्या पांढऱ्या पेशी) सोडतात, आणि बुरशीच्या भिंतीतलं बीटा-ग्लुकान टी-पेशींखेरीज इतर पेशींनाही चेतवतं. सीडी4 पेशी (टी-पेशींचा एक प्रकार) काढून तीच प्लेट पुन्हा लावा. ठिपके गेले तरच ते सीडी4 टी-पेशींचे.

सायटोकाइनची निवडही तितकीच महत्त्वाची. कॅन्डिडाच्या स्मृती-पेशींत आयएल-17 वाल्यांचा वाटा मोठा असतो. स्टॅट-1 जनुक अतिसक्रिय करणाऱ्या बदलांमुळे या पेशी कमी पडतात, आणि अशा रुग्णांच्या तोंडात, नखांत, त्वचेवर कॅन्डिडा पुन्हा पुन्हा उठते. त्यांची फक्त गॅमा इंटरफेरॉनची प्लेट लावून ‘टी-पेशी ठीक’ असा शेरा कुणी मारू नये.