सामूहिक वनसंसाधन हक्क

गावाच्या परंपरागत शिवेतले जंगल राखण्याचा, वाढवण्याचा, वापरण्याचा आणि त्याचा कारभार स्वतः पाहण्याचा ग्रामसभेचा कायदेशीर हक्क. अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम, २००६ या कायद्याने तो मान्य केला. हा कायदा ३१ डिसेंबर २००७ रोजी अंमलात आला. २००८ साली त्याचे नियम निघाले आणि २०१२ साली त्यांत मोठी दुरुस्ती झाली. हा हक्क मिळाला म्हणजे जंगल गावाच्या खासगी मालकीचे झाले, असा अर्थ होत नाही. ते विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, घराघरांत वाटून घेता येत नाही. बदलते ते निर्णयाचे ठिकाण. कोणता कूप (तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा) केव्हा तोडायचा, चराई कुठे बंद ठेवायची, तेंदूपत्ता विकायचा की नाही, हे पूर्वी वनविभागाच्या कार्य आयोजनेत, म्हणजे जंगलाच्या कामांच्या आराखड्यात, ठरत असे. ते आता गावच्या सभेत ठरू शकते.

वनहक्क म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे वैयक्तिक पट्टा येतो. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या वनजमिनीवर कुटुंबाला चार हेक्टरपर्यंत मिळणारा तो हक्क निराळा. सरपण, चराई, मासेमारी, गौण वनोपज (तेंदूपत्ता, मोहफुले, बांबू वगैरे) यांवरचे सामूहिक हक्कही याच कायद्यात आहेत आणि त्यांचे महत्त्व कमी नाही. पण ते वापराचे हक्क आहेत. वनसंसाधनाचा हक्क त्यांच्यापुढे जाऊन व्यवस्थापनाचा अधिकार देतो, आणि सगळ्या कायद्याचा गाभा तोच आहे. ज्याला फक्त घेण्याची मुभा असते, त्याला उद्याचा विचार करण्याचे कारण उरत नाही. राखण्याचा अधिकार असेल तरच राखण्याची जबाबदारी टाकता येते. कायद्याच्या कलम ५ मध्ये ही जबाबदारी स्पष्ट लिहिली आहे : वन्यजीव, वन आणि जैवविविधता यांचे रक्षण, पाणलोट आणि पाण्याचे स्रोत यांची राखण, आणि त्यांना बाधक ठरणारी कृत्ये थांबवण्याचा ग्रामसभेचा अधिकार. शिकारीचा हक्क या कायद्याने दिलेला नाही. लाकूडही गौण वनोपजात येत नाही.

या हक्कामागे दीड शतकाचा झगडा आहे. १८७८ आणि पुढे १९२७ च्या वन कायद्यांनी राखीव व संरक्षित जंगले आखली आणि गावे आपल्याच शिवारात परवानगीने वावरू लागली. पूर्व विदर्भात मालगुजारी आणि जमीनदारीच्या काळापासून निस्ताराची वहिवाट होती : घरासाठी बांबू-बल्ल्या, नांगराला लाकूड, कुंपणाला काट्या, गुरांना चारा. १९५० च्या दशकात मालगुजारी गेली, जंगले सरकारजमा झाली, आणि कोणत्या गावाचा निस्तार कोणत्या जंगलात, याची नोंद निस्तारपत्रकांत झाली. पुढे हीच पिवळी पडलेली पत्रके दाव्यांत मोठा पुरावा ठरली. त्याच जंगलातला बांबू मात्र कागद गिरणीला दीर्घ मुदतीच्या कराराने दिला जात होता. गावकऱ्याने टोपलीसाठी बांबू तोडला तर गुन्हा, आणि गिरणीचे ट्रक भरून गेले तर महसूल. १९९० नंतर संयुक्त वनव्यवस्थापन आले आणि गावांच्या समित्या झाल्या, तरी सूत्रे वनविभागाकडेच राहिली. गावाच्या वाट्याला राखणीचे काम आणि उत्पन्नातला हिस्सा आला.

दावा करण्याची सुरुवात ग्रामसभेतून होते. ही ग्रामसभा म्हणजे गटग्रामपंचायतीची सभा नव्हे. त्या वस्तीतल्या सगळ्या प्रौढ स्त्री-पुरुषांची सभा. तिला निम्म्या लोकांची हजेरी लागते आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. सभा वनहक्क समिती निवडते. समिती शेजारच्या गावांना बोलावून शीव फिरते, नकाशा काढते, पुरावे गोळा करते. वडीलधाऱ्यांचे जबाब, देवस्थाने, स्मशानभूमी, जुन्या विहिरी, पाणवठे हेही पुरावे म्हणून चालतात. शीव फिरणे हा या प्रक्रियेतला सगळ्यांत मोलाचा भाग. कुठला नाला कुणाचा, हे वनविभागाच्या कक्ष क्रमांकांच्या नकाशावरून कळत नाही. ते त्या नाल्यावर ढोरे पाजलेल्या माणसालाच माहीत असते. पुढे दावा उपविभागीय आणि जिल्हास्तरीय समितीकडे जातो. राखीव वन, संरक्षित वन, अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान यांपैकी काहीही गावाच्या परंपरागत शिवेत येत असले, तरी त्यावर दावा करता येतो.

देशात असा हक्क सर्वांत आधी मिळालेल्या गावांत गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे गोंड गाव येते. १९८० च्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम या धरणांविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन झाले. त्यातून ‘मावा नाटे मावा राज’, म्हणजे आमच्या गावात आमचे राज्य, ही घोषणा आली आणि मेंढ्याने ती मनावर घेतली. देवाजी तोफा आणि त्यांचे सहकारी मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकाराने गावात अभ्यासगट सुरू झाले. कोणताही निर्णय बहुमताने घ्यायचा नाही, सर्वसहमती होईपर्यंत थांबायचे, हा दंडक पडला. कायदा येण्याच्या कितीतरी आधीपासून हे गाव आपले जंगल राखत होते, म्हणूनच २००९ साली सुमारे १८०० हेक्टरांवरचा हक्क हाती आला तेव्हा कारभार नव्याने शिकावा लागला नाही. तरी बांबू विकायचा म्हटल्यावर वाहतूक परवाना अडला. भारतीय वन अधिनियमाच्या व्याख्येत बांबू हे झाड होते, तर वनहक्क कायद्याच्या व्याख्येत गौण वनोपज. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांनी मेंढ्यात येऊन परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. २०१२ च्या नियमदुरुस्तीने परवाने देण्याचे काम सगळीकडेच ग्रामसभेच्या समितीकडे सोपवले.

बांबू तोडणीत व्यवस्थापन म्हणजे काय ते नीट दिसते. पूर्व विदर्भात बांबूच्या बेटाला रांजी म्हणतात. पावसाळ्यात रांजीतून कोंब (वास्ते) वर येतात आणि काही महिन्यांतच पूर्ण उंची गाठतात, पण बांबू पक्का व्हायला तीनेक वर्षे लागतात. नव्या कोंबाचे पोषण जमिनीखालच्या कंदातून, जुन्या बांबूंच्या आधाराने होते. त्यामुळे रांजी साफ केली तर पुढच्या पावसात येणारे कोंब बारीक निघतात. जाणकार तोड्या आधी रांजीत शिरायला वाट करतो. आतले जुने, वाकडे, सुकलेले बांबू काढतो. यंदाचे आणि गेल्या वर्षीचे सोडतो. काप जमिनीलगतच्या पहिल्या पेराच्या वर घेतो. पार बुडाशी कापले तर कंदाला इजा होते आणि फार वर कापले तर खुंटांची गर्दी होऊन रांजी गुदमरते. पावसाळ्यात तोड बंद, आणि एकदा तोडलेल्या कक्षाला काही वर्षे विश्रांती. हे नियम वनविभागाच्या पुस्तकातही होतेच. मात्र नगावर मजुरी देणाऱ्या कंत्राटदाराच्या माणसाला आत शिरायला वेळ नसे; तो कडेचे, हाताशी आलेले, बहुधा कोवळे बांबू कापून मोकळा होई. तोडणारा त्याच गावचा असला आणि चार वर्षांनी त्यालाच परत त्या रांजीपाशी यायचे असले, तर हात आपोआप सावध चालतो.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावने आणखी अवघड निर्णय घेतला. २०१२ साली सुमारे हजार हेक्टर जंगलावरचा हक्क मिळाल्यावर या गावाने उत्पन्नासाठी बांबू निवडला आणि तेंदूपत्त्याची तोड बंद केली. तेंदूपत्ता हा विदर्भातल्या उन्हाळ्याचा मुख्य रोख पैसा आहे. मे महिन्यात घरेच्या घरे पहाटे जंगलात जातात, दुपारी पानांचे पुडे बांधतात, संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजून देतात. पण चांगले पान यावे म्हणून आधी खुटकटाई होते, फांद्या छाटल्या जातात आणि अनेकदा आग लावली जाते. आगीत बी, रोपे, जमिनीवर घरटी करणारे पक्षी, सरपटणारे प्राणी सगळे जाते, आणि छाटलेल्या झाडाला फळ धरत नाही. तेंदूचे फळ अस्वल खाते, पक्षी खातात, माणसेही खातात. पाचगावने हे सगळे पुढ्यात मांडून हातचा पैसा सोडला. शिवाय जंगलाचा एक भाग देवाच्या नावाने पूर्ण राखीव ठेवला. बाहेरच्या कुठल्याही खात्याने अशी बंदी घातली असती तर मोर्चे निघाले असते. सगळ्याच गावांना हे परवडणारे नाही, हेही खरे. गडचिरोलीच्या कोरची तालुक्यात सुमारे ९० ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा उभी केली आणि तेंदूच्या व्यवहारात एकत्र बोलणी केली, तोही तितकाच योग्य मार्ग होता. एकट्या ग्रामसभेला कंत्राटदार भावात गुंडाळू शकतो किंवा पैसे थकवू शकतो, आणि असे प्रसंग गडचिरोलीत घडलेले आहेत.

ज्यांच्या वाट्याला घनदाट जंगल आले नाही अशा गावांनीही काम करून दाखवले आहे. अचलपूर तालुक्यातले पायविहीर हे मेळघाटच्या पायथ्याचे गाव. त्याला मिळालेले सुमारे १९२ हेक्टर वन बहुतांशी उजाड होते. गावाने तिथे समतल चर खोदले, रोपे लावली, चराई आणि तोड यांना आळा घातला. सीताफळाची विक्री मुंबईपर्यंत नेली. २०१४ साली त्याला संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा जैवविविधता पुरस्कार मिळाला.

या हक्कामुळे वन्यजीवांचे नुकसान होईल, ही भीती कायदा येण्यापूर्वीपासून बोलली गेली. कायद्यानेच तिची दखल घेतली आहे : माणसांचा वावर नको अशी क्षेत्रे संकटग्रस्त वन्यजीव अधिवास म्हणून ठरवता येतात, मात्र आधी हक्क मान्य करून आणि ग्रामसभेची संमती घेऊनच. कर्नाटकातल्या बिळिगिरी रंगनस्वामी मंदिर अभयारण्यात, जे व्याघ्र प्रकल्पही आहे, सोलिगा आदिवासींना २०११ साली सामूहिक हक्क मिळाले. व्याघ्र प्रकल्पात असे पहिल्यांदाच घडले. चंद्रपूर-गडचिरोलीत आज खरी निकड वेगळी आहे. ब्रह्मपुरी, वडसा या भागांत वाघ वाढले आणि मोहफुले व तेंदूपत्ता वेचायला गेलेल्या माणसांचे बळी जाऊ लागले. २०२१ पासून छत्तीसगडकडून आलेले हत्ती गडचिरोलीत वावरत आहेत. अशा जंगलात कोणत्या भागात कधी जायचे, किती जणांनी मिळून जायचे, मोहाखालचा पालापाचोळा जाळण्याऐवजी झाडून कसा काढायचा, हे ग्रामसभेने ठरवले तरच पाळले जाते. वनरक्षकाच्या एका बीटमध्ये कितीतरी चौरस किलोमीटर येतात. गावाची नजर रोज फिरते.

ग्रामसभेचा शब्द किती दूर जाऊ शकतो हे ओडिशात नियमगिरी डोंगरावर दिसले. १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बॉक्साइट खाणीचा प्रश्न तिथल्या ग्रामसभांपुढे ठेवायला सांगितले आणि बाराही ग्रामसभांनी खाण नाकारली.

महाराष्ट्र या हक्काच्या अंमलबजावणीत देशात आघाडीवर मानला जातो. एकट्या गडचिरोलीत हजाराहून अधिक गावांना तो मिळाला आहे. तरी पट्टा मिळणे आणि कारभार हाती येणे यांत मोठे अंतर राहते. अनेक गावांच्या पट्ट्यावरचे क्षेत्र त्यांनी दावा केलेल्या क्षेत्रापेक्षा कमी भरते. काही ठिकाणी त्याच जंगलावर वन विकास महामंडळाची तोड चालू राहते आणि गाव व यंत्रणा आमनेसामने येतात. व्यवस्थापन आराखडा ग्रामसभेच्या समितीने करायचा आणि तो कार्य आयोजनेशी जोडायचा, असे नियम सांगतो. पण कुणाचा शब्द अखेरचा, यावर वाद होतो. पट्टा दिल्यानंतर महसूल आणि वनविभागाने अंतिम नकाशा करून जास्तीत जास्त तीन महिन्यांत हक्काची नोंद अभिलेखात घ्यायची, अशीही तरतूद आहे. ती नोंद झाली नसेल, तर रस्ता, खाण किंवा रोपवन यांचा प्रस्ताव येतो तेव्हा सरकारी कागदावर ते जंगल पूर्वीसारखेच मोकळे दिसते. म्हणून आता गडचिरोलीतल्या जाणत्या ग्रामसभा पट्टा मिळाल्यावर पहिले पत्र लिहितात ते अभिलेखातल्या नोंदीच्या मागणीचे.