पाणीटंचाई आराखड्यात आपली वाडी कशी घालावी? पात्रता, कागदपत्रे आणि प्रक्रिया

एप्रिलमध्ये टँकर लागणार असेल तर गावाने कामाला सप्टेंबरातच लागावे. जिल्ह्याचा टंचाई आराखडा, म्हणजे कुठे पाणी कमी पडेल आणि तिथे काय उपाय करायचे याची योजना, तीन टप्प्यांत बनतो: ऑक्टोबर-डिसेंबर, जानेवारी-मार्च आणि एप्रिल-जून. त्याला मंजुरी जिल्हाधिकारी देतात. नाव सुटले की ऐन उन्हाळ्यात पुरवणी प्रस्तावामागे धावावे लागते.

कोण पात्र? पिण्याचे पाणी खरोखर अपुरे पडणारे गाव किंवा वाडी. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची ऑक्टोबरमधली पातळी मागील पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून संभाव्य टंचाईची गावे काढते. मात्र त्या यादीत डोंगरावरची एखादी वाडी दिसेलच असे नाही. ती ग्रामसभेनेच पुढे आणायची.

काय मागायचे? टँकर हा शेवटचा उपाय. आधी विहिरीतला गाळ काढणे, विहीर खोल करणे, विंधन विहीर किंवा नळयोजनेची विशेष दुरुस्ती, खाजगी विहिरीचे अधिग्रहण (ती तात्पुरती गावासाठी ताब्यात घेणे), नदीपात्रात बुडकी (पाणी साठण्यासाठी खड्डा) घेणे हे पर्याय तपासले जातात. ते का पुरत नाहीत, हे ग्रामसभेच्या ठरावात लिहा.

कागदपत्रे: ठरावाची प्रत, वाडीनिहाय लोकसंख्या, सर्व स्रोतांची यादी आणि प्रत्येकाची आजची स्थिती. अधिग्रहण असेल तर विहिरीची नोंद असलेला सातबारा आणि मालकाचे संमतीपत्र. स्रोताचा तपशील नेमका द्या: "पाणी कमी आहे" याला वजन नाही, "दोन तास उपसल्यावर विहीर कोरडी, पुन्हा भरायला रात्र लागते" याला आहे.

प्रस्ताव पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांकडे द्या आणि पोच घ्या. त्यानंतर गटविकास अधिकारी आणि तहसीलदार संयुक्त पाहणी करतात. पाहणीला वाडीतल्या, पाणी भरणाऱ्या महिला हजर असाव्यातच. कोणता हातपंप किती वाजता आटतो हे त्यांनाच ठाऊक असते.

प्रस्ताव अडकतात ते बहुधा दोन कारणांनी. ठरावात फक्त महसुली गावाचे नाव असते, वाडीचे नसते. किंवा हिशेब जुळत नाही. टँकरचा निकष माणशी रोज 20 लिटर. 1,200 लोकांना 24,000 लिटर, म्हणजे 12,000 लिटरच्या टँकरच्या दोन खेपा. तीन मागितल्या तर कारण द्यावे लागेल.

टँकर सुरू झाल्यावर प्रत्येक खेपेची लॉगबुकात नोंद आणि सही घ्या. 1,000 लिटरला 5 ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाका, अर्ध्या तासाने ओटी चाचणी (पाण्यात क्लोरीन उरले आहे का ते पाहणारी) करा आणि मगच पाणी भरू द्या.