हेड फेस करण्याआधी

ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल आल्यापासून गाड्यांचं वेड असलेल्या पोरांनी नवाच हिशेब मांडलाय: साध्या पेट्रोलचा ऑक्टेन ९१ होता, आता ९५ झाला, मग हेड फेस करून (सिलिंडरवरचं झाकण खालून थोडं घासून) कॉम्प्रेशन, म्हणजे हवा-पेट्रोलचं मिश्रण दाबण्याचं प्रमाण, वाढवू, फुकटात पिकअप! आकडे खरे आहेत. घोटाळा पुढे आहे.

जास्त ऑक्टेनचं पेट्रोल जास्त ताकदीचं, हा समज पंपावरचा. इथेनॉलमध्ये तर लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी. ठिणगीवाचून पेटायला इंधन किती टाळाटाळ करतं, एवढंच ऑक्टेन सांगतो. सायकलचा पंप मारताना तापतो, तसंच सिलिंडरमधलं मिश्रण दाबलं की तापतं. ठिणगी पडली की ज्वाला प्लगपासून कडेला सरकते आणि न जळलेल्या मिश्रणाला आणखी चेपते. ज्वाला पोचण्याआधीच ते मिश्रण भडकलं की झालं नॉकिंग. ८६ मिलिमीटर बोअरमध्ये (बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास) ही टणटण साधारण साडेसहा हजार हर्ट्झची असते. ब्लॉकवरचा नॉक सेन्सर तीच ऐकत बसलेला असतो.

आता कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे पिस्टन तळाशी असतानाची जागा भागिले तो अगदी वर असतानाची जागा. बोअर ८६, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ८६ म्हणजे एका सिलिंडरचे ५०० सीसी. पिस्टन अगदी वर असताना ५० सीसी जागा उरली, तर ५५० भागिले ५०, रेशो ११. हेड आणि ब्लॉकमधली गॅस्केट अर्धा मिलिमीटर पातळ बसवली की जवळपास ३ सीसी जातात आणि रेशो ११.६ होतो.

पण खरी गंमत इनटेक व्हॉल्व्हची, म्हणजे हवा आत घेणाऱ्या झडपेची आहे. पिस्टन तळ गाठून परत वर निघतो तेव्हाही तो उघडाच असतो. इंजिन जोरात फिरत असेल तर आत घुसणारी हवा वेगाच्या भरात येतच राहते. कमी आरपीएमला मात्र पिस्टन तिला उलटी बाहेर ढकलतो. म्हणजे खरं दाबणं सुरू होतं व्हॉल्व्ह मिटल्यावर. क्रँक (पिस्टनला वर-खाली हलवणारा दांडा) तळापासून ६० अंश पुढे गेल्यावर तो मिटला, तर १४० मिलिमीटर कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टन आणि क्रँक जोडणारा दांडा) या इंजिनात ४०४ सीसीच उरतात. कागदावरचे ११ प्रत्यक्षात ९.१ होतात. रेसचा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा-मिटवणारा दांडा) घातला आणि व्हॉल्व्ह ७५ अंशांवर मिटला, तर ८. रेसच्या गाडीला १३ चा रेशो पचतो त्यामागे रेसचं इंधन असतंच, पण हा कॅमही असतो. तिचा आकडा उचलायचा आणि कॅम कंपनीचाच ठेवायचा, ही नॉकिंगची हमखास कृती. (व्हॉल्व्हची वेळ चालता चालता बदलणाऱ्या इंजिनांत हा हिशेब दर क्षणाला नवा.)

शिवाय रस्त्यावरची गाडी ट्रॅकवर नसते. एप्रिलची दुपार, खंडाळ्याचा चढ, चार माणसं, एसी चालू, चौथ्या गिअरमध्ये दीड हजार आरपीएमला ॲक्सिलरेटर तळाशी. हवा तापलेली आणि मिश्रणाला भडकायला भरपूर वेळ. सेन्सर टणटण ऐकतो, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) ठिणगी उशिरा पाडतो, इंजिन वाचतं. पण हेड फेस करून मिळवलेलं तिथेच जातं, वर एक्झॉस्ट तापतो. मिळवलेलं तरी किती? आदर्श ऑटो चक्राच्या (पेट्रोल इंजिनाच्या पुस्तकी नमुन्याच्या) गणितात रेशो ८ चा ९ केला तर कार्यक्षमता साडेतीन टक्क्यांनी वाढते, ११ चा १२ केला तर जेमतेम दोन.

इंधनाच्या नळीला बांधायची चुंबकं आणि टाकीत टाकायच्या ‘मायलेज’ गोळ्यांबद्दल एवढंच म्हणतो, की बंपरला लिंबू-मिरची स्वस्त पडते.

टर्बो नसलेलं, पोर्ट इंजेक्शनचं (पेट्रोल व्हॉल्व्हच्या बाहेर फवारणारं) असं इंजिन रोज चालवायचं असेल तर ९५ ऑक्टेनवर मी साडेदहावर थांबेन. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये इंधन सिलिंडरमध्येच वाफ होऊन हवा थंड करतं, तिथे बारापर्यंत जाता येतं. टर्बो बसवणार असाल तर नऊ-दहाच्या आसपास. मात्र फेसिंगला देण्याआधी हेड उलटं करा, व्हॉल्व्ह आणि प्लग बसवा, चेंबरच्या (हेडमधल्या खोलगट भागाच्या) कडेला ग्रीस लावून भोक पाडलेली ॲक्रिलिकची पट्टी चिकटवा आणि ब्युरेटने (मापाच्या खुणा असलेल्या काचनळीने) रंगीत पाणी सोडा. चारही चेंबर मोजा. जुन्या हेडमध्ये ते सारखे भरतीलच असं नाही, आणि नॉकिंगची सुरुवात सगळ्यात लहान चेंबरपासून होण्याचा धोका मोठा.